प्राचार्य आणि प्रतिवादी

कायद्याच्या अध्यापकाचे स्मरण करावयाचे म्हणजे त्याच्या व्याख्यानांतील चमकदार वाक्ये आठवावयाची, अशी आपल्या व्यवसायबंधूंत जुनी वहिवाट आहे, परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यापुरते बोलावयाचे, तर वर्गात त्यांनी काय सांगितले याहून त्यांच्याविरुद्ध चाललेल्या एका दाव्याचे दप्तरच आम्हांस अधिक बोलके वाटते. १९२८ च्या जूनमध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात अध्यापक झाले व १९३५ च्या जूनमध्ये प्राचार्य. आणि विद्यार्थ्यांना न्यायशास्त्र शिकविणारा हा गृहस्थ त्याच सुमारास महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात प्रतिवादी म्हणून उभा होता.

१९२७ च्या मार्चमध्ये तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह योजिला गेला, तेव्हा स्पृश्य मंडळींनी महाडच्या दिवाणी न्यायालयातून तूर्तातूर्त मनाईहुकूम मिळविला. हजारो अनुयायी जमलेले, मने प्रक्षुब्ध झालेली, आणि तरीही या बॅरिस्टराने हुकूम शिरसावंद्य मानून तळ्यावर जाणे तहकूब करविले! पुढे १९२८ च्या फेब्रुवारीत तो हुकूम उठला खरा, पण मूळ दावा तसाच चालू राहिला. तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, हे वादींचे मुख्य म्हणणे. आणि अशी रूढी सांगणाऱ्यानेच ती शाबीत केली पाहिजे, हा पुराव्याचा साधा नियम त्यांच्या आड आला.

महाड, ठाणे आणि मुंबई, तिन्ही ठिकाणी वादी हरले. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड (१९२२ साली अहमदाबादेस गांधीजींना शिक्षा सुनावणारे ते हेच) यांनी अपील फेटाळले, ते रूढी अनादि असल्याचा पुरावा नाही एवढ्याच पायावर. अस्पृश्यता न्याय्य की अन्याय्य, यावर त्यांनी प्रवचन केले नाही. काही वाचकांना हा निकाल रुक्ष वाटतो. आम्हांस तसा वाटत नाही. ज्या रूढीच्या बळावर माणसांना पाण्यापासून दूर ठेविले गेले, तिलाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून तिचे वय विचारले गेले, आणि तिला ते सांगता आले नाही.

आमच्या पेणकरपाड्यातील वकिलांनी काशिमीऱ्याच्या नाक्यावरून घोडबंदरच्या वाटेने ठाण्याच्या ज्या जिल्हा न्यायालयात वर्षानुवर्षे खेपा घातल्या, तेथेच १९३३ साली या दाव्याचे पहिले अपील निकालात निघाले, ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक असेल? मीरा रोडला आता न्यायालय झाले, ती पायपीट कमी झाली, आणि सनद हाती येताच स्वतंत्र वकिली मांडणाऱ्या नवोदितांची संख्याही वाढली. वाचलेल्या प्रवासाच्या वेळातून एखादी दुपार काढून ज्येष्ठांनी आपल्या कनिष्ठांसमवेत उच्च न्यायालयाचा तो निकाल अथपासून इतिपर्यंत वाचावा, अशी आमची सूचना आहे. मुद्दे कसे काढले, शाबितीचा भार कोणावर टाकला आणि कोणत्या मुद्द्यावर न्यायमूर्तींनी हेतुतः मौन पाळले, हे कनिष्ठांनी आपापल्या वहीत टिपून घ्यावे.