'नर्सिंग तरी आहेच'

दर वर्षी ११ फेब्रुवारीला, लूर्द मातेच्या सणाच्या दिवशी, आपल्या धर्मग्रामांतून आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते आणि परिचारिकांच्या सेवेचा गौरव केला जातो. आपण सारे भक्तिभावाने ऐकतो. मग दहावीचा निकाल लागतो आणि त्याच घरांतून वेगळे सूर निघतात. गुण चांगले असले तर, "एवढे गुण मिळवून नर्सिंग कशाला?" गुण कमी पडले तर, "काळजी नको, नर्सिंग तरी आहेच!"

माझे भांडण या 'तरी'शी आहे.

बारावीनंतर थेट बी. एस्सी. नर्सिंगला जाणाऱ्या मुलीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या विषयांत मिळून किमान ४५ टक्के गुण असावे लागतात (राखीव प्रवर्गांना काही सवलत आहे), इंग्रजीत उत्तीर्ण व्हावे लागते आणि वर राज्याची प्रवेश परीक्षाही असते. म्हणजे निर्णय बारावीला नव्हे, अकरावीच्या अर्जावरच होतो. ज्यांनी मुलीला "सुरक्षित" म्हणून कॉमर्सला घातले, त्यांनी ते दार स्वतःच्या हातांनी लावून घेतलेले असते. इतर शाखांना जी. एन. एम. खुले आहे. तो तीन वर्षांचा अभ्यासक्रमही सन्मानाचाच. पण त्यानंतर पदवी हवी असेल, तर नोंदणी करून आणखी दोन वर्षे शिकावे लागते. चार वर्षांचा रस्ता पाच वर्षांचा होतो.

माझ्या ओळखीच्या एका मुलीला तर हेही कुणी सांगितले नाही. आजीच्या आजारपणात रात्र रात्र जागलेली ती पोर, तिला नर्सच व्हायचे होते. कॉमर्समधून बारावी झाल्यावर कुणीतरी वर्षभराचा "नर्सिंग कोर्स" सुचवला. बापाने कर्ज काढून फी भरली. प्रमाणपत्र हाती आल्यावर कळले, की त्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणीच होत नाही. फी भरण्यापूर्वी कौन्सिलच्या मान्यतेची चौकशी करायला एक सकाळ पुरली असती. गाय विकत घेताना आपण याहून अधिक चौकशी करतो!

सतरा वर्षांच्या मुलीने रात्रपाळी, रक्त, मृत्यू पाहावेत काय, असे काही आया विचारतात. हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. त्यासाठी मुलीला वाड्यातल्या एखाद्या अनुभवी परिचारिकेकडे नेऊन बसवावे आणि तिला सगळे खरे बोलू द्यावे. मुलगी घाबरली, तर घाबरू दे. पण तिच्या वतीने आपण घाबरू नये. फ्लॉरेन्स नाइटिंगेलला ईश्वराची हाक सतरा वर्षे पुरी होण्याआधीच, १८३७ साली जाणवली होती. १८४५ साली तिने इस्पितळात शिकण्याची परवानगी मागितली, ती घरच्यांनी नाकारली. कैझर्सवर्थला तिचे शिक्षण झाले १८५१ साली, तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. तेही घर श्रद्धावान आणि प्रतिष्ठितच होते. (आणि मुलगे? त्यांच्यासाठी हा विचार आपल्या घरांत कुणाच्या मनालाही शिवत नाही, तो वेगळाच विषय आहे.)

ती मुलगी आता जी. एन. एम.चा अर्ज भरते आहे. तिची धाकटी बहीण दहावीत आहे. तिच्यासाठी कॉमर्सच बरे, असे घरात अजून चालले आहे.