कोठारातला गहू, शिवारातली ज्वारी

अन्न सुरक्षा म्हणजे नेमके काय, या प्रश्नाची दोन उत्तरे सरकारी दप्तरात सापडतात. १९९६ साली रोममध्ये जागतिक अन्न परिषद भरली. प्रत्येक माणसाला, सर्व काळी, पुरेसे, निर्धोक आणि पौष्टिक अन्न मिळवता आले पाहिजे, आणि ते त्याच्या गरजेला व आवडीनिवडीला धरून असले पाहिजे, असे तेथे जमलेल्या राष्ट्रांनी मान्य केले. भारतही त्यांत होता. दुसरे उत्तर आपल्या २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात आहे. कायद्याने ठरवून दिलेले धान्य व भोजन हक्कदारांना पुरवणे म्हणजे अन्न सुरक्षा, असा त्या व्याख्येचा अर्थ. म्हणजे सरकार जे देईल तीच सुरक्षा! पहिल्या उत्तरात माणूस आहे, दुसऱ्यात गोणी आहे. आणि गोणीत काय भरायचे हे सोलापूरच्या किंवा बीडच्या माणसाला कोणी विचारलेले नाही.

गोणीचा हा आग्रह कोठून आला हे समजण्यासारखे आहे. १९५४ नंतर अमेरिकेच्या पीएल ४८० कायद्याखाली धान्याची जहाजे आपल्या बंदरांत लागू लागली. रेशनवरच्या त्या लाल मिलोची आठवण महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला अजून आहे. १९६५ मध्ये अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग स्थापन झाले, पाठोपाठ गव्हाची नवी बियाणी आली आणि परदेशी गव्हापुढे हात पसरण्याची वेळ टळली. ही कामगिरी लहान नव्हे. तिला नाके मुरडणाऱ्यांनी १९६६ साल आठवून पाहावे.

तथापि आणीबाणीसाठी उभारलेली यंत्रणा पुढे नित्याचीच होऊन बसली. हमीभाव वीसहून अधिक पिकांना जाहीर होतो, पण सरकार मोठ्या प्रमाणावर विकत घेते ते गहू आणि तांदूळ. २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये ठरला आणि गव्हाचा २,४२५ रुपये. कागदावर ज्वारी गव्हाच्या कितीतरी पुढे आहे. पण पंजाबच्या मंडईत गव्हाला हुकमी गिऱ्हाईक उभे असते, मोहोळच्या बाजारात ज्वारीला ते नसते. घेणारा नसेल तर भाव ही केवळ एक घोषणा उरते. उसाचे पाहा. त्याचा रास्त भाव चौदा दिवसांत देणे कारखान्यावर कायद्याने बंधनकारक आहे. तो अनेकदा थकतो ही गोष्ट वेगळी, पण निदान भांडायला कायदा तरी हाताशी आहे. मग पाणी मिळताच शेतकरी उसाकडे वळला तर त्याला लोभी ठरवण्याचा अधिकार कोणाला पोचतो? उसाखाली राज्याच्या पीकक्षेत्राचा अगदी थोडा हिस्सा, आणि सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक वाटा त्याच्याकडे. त्याच राज्यात २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले.

राज्याच्या स्थापनेच्या सुमारास महाराष्ट्रात साठ लाख हेक्टरांच्या आसपास ज्वारी होती. आज ती वीस लाखांच्या आत आली आहे. 'लोकांची आवड बदलली' असे यावर सांगितले जाते. आवड बदललीही असेल. पण तीन दशकांहून अधिक काळ रेशनवर स्वस्तात गहू मिळत राहिला आणि ज्वारी पूर्ण बाजारभावाने घ्यावी लागली, तर गरिबाच्या तव्यावर चपाती येणारच.

या बदलात काय गेले, याचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात सापडत नाही. रब्बीची ज्वारी पावसाळा सरता सरता पेरतात. काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर ती वाढते, कालव्याची वाट पाहत नाही. तिच्यात करडईचे पाटे असत, म्हणजे घरच्या तेलाची सोय त्याच वावरात. कणीस घरात आणि कडबा गोठ्यात. दावणीला कडबा म्हणून बैल, बैल म्हणून शेणखत आणि शेणखत म्हणून पुन्हा जमीन. टिकाऊ अन्नव्यवस्था हा शब्द आता परिसंवादांत फार ऐकू येतो. माणदेशातल्या कुणब्याला तो शब्द ठाऊक नव्हता, व्यवस्था ठाऊक होती. ज्वारी हटली तेव्हा नुसते एक धान्य हटले नाही. चारा विकत घ्यावा लागू लागला, करडई मागे पडली, आणि आज देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. त्याला एकटी करडई कारण नव्हे, पण या ओढाताणीतला एक धागा तिचाही आहे.

मधल्या काळात सरकारने भरड धान्याचे नाव तेवढे बदलले. २०१८ मध्ये ते 'पौष्टिक तृणधान्य' झाले, २०२३ च्या अर्थसंकल्पात 'श्री अन्न' झाले, आणि तेच वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत ज्वारीचे पदार्थ आले, मधुमेह्यांना वैद्यांनी भाकरी सांगितली, भाव चढला. पूर्वी ज्याला गव्हाची पोळी सणाला मिळे, त्याला आता फुकटचा गहू मिळतो आणि भाकरी परवडत नाही! याच राज्याने २००७ मध्ये धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देऊ केले होते, हेही या निमित्ताने आठवते. म्हणजे ज्वारीसाठी पैसा नव्हता असे नाही.

आता आक्षेपाचा विचार करू. ज्वारी गव्हाइतकी टिकत नाही, खरिपाची तर पावसात सापडून काळी पडते, असे अधिकारी सांगतात. ते खरे आहे. पण ही अडचण धान्य हजार मैल नेऊन वर्षभर साठवायचे ठरवले तरच मोठी होते. पिकले तिथे घेतले आणि जवळच वाटले तर तिचे महत्त्व उरत नाही. कर्नाटकात रेशनवर नाचणी व ज्वारी दिली जाते. ओडिशाने आदिवासी भागात नाचणीची खरेदी सुरू करून ती अंगणवाडीपर्यंत नेली. आपल्याकडेही अधूनमधून काही जिल्ह्यांत ज्वारीची गोणी येते, पण अपवाद म्हणून.

कायद्याची आडकाठी तर मुळीच नाही. २०१३ च्या कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो, असे तिन्ही भाव लिहिलेले होते. जानेवारी २०२३ पासून धान्य मोफत झाले. माणशी महिन्याला मिळणाऱ्या पाच किलोंत दोन किलो ज्वारी द्यायला संसदेत जाण्याची गरज नाही. सोलापूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगर या चार जिल्ह्यांपासून आरंभ करता येईल. रब्बीची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, आणि गरजवंत शेतकरी खळ्यावरच व्यापाऱ्याला माल देतो. खरेदी केंद्र मे महिन्यात उघडले तर त्याचा लाभ त्या व्यापाऱ्यालाच होईल. तेव्हा केंद्रांची तारीख, बारदान आणि पैशाची तरतूद ही पेरणीच्या वेळीच जाहीर व्हायला हवी.