खांद्याच्या आतले चौघे

पाट्या, गोण्या, हंडे वाहणाऱ्या आपल्या घरांत खांदा दुखला की 'शीर धरली' म्हणतात. पुष्कळदा दुखणे शिरेचे नसतेच. खांदा हा उखळीचा सांधा. पण ही उखळ फार उथळ, दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यात थोडाच बसतो. वरून दिसणारा जाड त्रिकोणी स्नायू, डेल्टॉइड, हात उचलतो. गोळा जागेवर धरतात ते आतले ४ लहान स्नायू. खांद्याच्या पसरट हाडापासून निघून ते गोळ्याला पुढून, वरून, मागून वेढतात. वरच्या स्नायूचे दोरीसारखे टोक हाडांमधल्या चिंचोळ्या फटीतून जाते. छताला रंग देताना हात तासन्‌तास डोक्यावर राहिला की ते तिथे चेपते. मग हात बाजूने अर्धा उचलताना कळ येते, पुरता वर गेला की ओसरते. डॉक्टरांना हे नेमके सांगावे.

दुखतो म्हणून महिनोन्‌महिने हात गळ्यात बांधू नये. सांधा आखडतो, मधुमेह असला तर लवकरच. वाकून हात सैल सोडावा, हळूहळू झुलवावा. चोळणाऱ्याकडून खांदा ओढून घेण्याची रीत आम्हांला मुळीच पसंत नाही. पडल्यावर हात उचलताच येत नसेल तर त्याच दिवशी इस्पितळात जावे.