अठराव्या वर्षीचे पंचाहत्तर हजार

दिवाळी अंकाच्या पहिल्याच पानावर सरकारी जीआरमधले आकडे दिसले, तर वाचकांच्या कपाळावर आठी पडणार हे ठाऊक आहे. तरी यंदा ते टाळावेसे वाटले नाही. अंकाचा मुख्य विभाग मुलांच्या संगोपनावर करायचा ठरला, लेख येऊ लागले. पाळणाघर, इंग्रजी शाळेची फी, मोबाइल, दहावीचे टेन्शन, सगळे आले. मूल वाढवण्याच्या खर्चात सरकारचा वाटा किती आणि तो नेमका कधी हातात पडतो, एवढे मात्र कुणीच लिहिले नाही. आपल्या वाचकवर्गाला त्या पैशाची गरज पडत नाही, हे त्याचे सरळ कारण. म्हणून ते इथे लिहितो आहोत.

'लेक लाडकी' योजनेचा शासन निर्णय ३० ऑक्टोबर २०२३ चा, त्या वर्षीच्या दिवाळीच्या तोंडावरचा. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या घरात १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर मुलगी जन्मली तर ५ हजार रुपये, ती पहिलीत गेली की ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि वयाची अठरा वर्षे पुरी झाली की ७५ हजार. एकूण १ लाख १ हजार. वरचा एक रुपया घालून आहेर करण्याची आपली रीत सरकारनेही पाळली, फक्त रुपयाऐवजी हजार घातले.

आता हा हिशेब महिन्यांवर पसरून पाहा. पाचपैकी चार हप्ते मिळून २६ हजार होतात. अठरा वर्षांच्या बालपणात ते महिन्याला १२० रुपये पडतात. पहिल्या सहा वर्षांपुरते पाहिले तर फक्त जन्माचे ५ हजार, म्हणजे महिन्याला सत्तरही नाहीत. शेवटचे ७५ हजार २०४१ मध्ये किंवा त्यानंतर, मुलगी मतदार झाल्यावर. दरसाल ५ टक्के महागाई धरली, तर त्या ७५ हजारांत जन्मावेळच्या ३१ हजारांइतक्याच वस्तू येतील.

शेवटी मोठी रक्कम ठेवण्यामागे कारण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. शेवटच्या हप्त्यासाठी मुलगी अविवाहित असावी लागते. बापाने घाई करू नये म्हणून हे आमिष आहे. पण त्याच सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे. राज्यातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी. हे खुजेपण पोटात असल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत ठरते आणि पुढे फारसे भरून निघत नाही. त्या काळात सरकार काय देते? अंगणवाडीचा आहार. त्यासाठी दर मुलामागे रोज ८ रुपये हा दर २०१७ साली ठरला. गरोदर आईला मातृवंदना योजनेतून पहिल्या खेपेला ५ हजार. दुसऱ्या खेपेला ६ हजार, तेही मुलगी झाली तरच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर बाईला किमान ६ हजार देऊ केले होते, पहिली खेप की दुसरी, मुलगा की मुलगी, असे न विचारता. तामिळनाडू मात्र डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डींच्या नावाने १९८७ पासून बाळंतिणीला मदत देत आले आणि ती आता १८ हजारांवर गेली आहे.

उत्पन्नाची अट तर वाचण्यासारखी आहे. 'लेक लाडकी'साठी कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न १ लाखाच्या आत हवे. नवरा-बायको दोघेही तीनशे रुपये रोजाने वर्षातले दोनशे दिवस कामाला गेले तर १ लाख २० हजार होतात. म्हणजे दोघांनी अंग मोडून काम केले की लेक अपात्र. यावर तहसीलच्या आवारात काय तोडगा निघतो, ते सेतू केंद्राबाहेर रांगेत उभ्या राहिलेल्या कुणालाही विचारा. खरे उत्पन्न लिहून दाखला मिळवणारा वेडा ठरावा, अशी ही अट. शिवाय दुसऱ्या बाळंतपणानंतर आईने किंवा बापाने शस्त्रक्रिया केलेली असावी लागते. तिसऱ्या लेकीला काही नाही. लोकसंख्येचे धोरण राबवायचे असेल तर खुशाल राबवा, पण त्याची वसुली पाळण्यातल्या पोरीकडून का?

मुलांसाठीचे पैसे कुणाच्या हाती आणि कोणत्या अटींवर द्यायचे, हा वाद जुना आहे. लिव्हरपूलच्या एलिनॉर रॅथबोन यांनी पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बायकांना घरपोच भत्ता मिळताना पाहिला. तो नवऱ्याच्या हातून न येता थेट बाईच्या हाती पडत होता आणि घरात मुले किती, त्यावर रक्कम ठरत होती. त्या काळात अनेक घरांतली मुले आधीपेक्षा धड खाऊ-लेऊ लागली. रॅथबोनबाईंनी ते मनात धरले, १९२४ साली त्यावर पुस्तक लिहिले आणि पुढे पार्लमेंटमध्ये जाऊन वर्षानुवर्षे डोके खाल्ले. हिंदुस्थानातल्या बालविवाहांवरही त्यांनी पुस्तक लिहिले होते. १९४५ साली ब्रिटनमध्ये कुटुंब भत्त्याचा कायदा आला, तेव्हा मसुद्यात पैसे बापाच्या नावे होते. बाई भांडल्या आणि आईचे नाव घालून घेतले. दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येकामागे आठवड्याला पाच शिलिंग. पहिले पैसे ऑगस्ट १९४६ मध्ये वाटले गेले. बाई त्याच वर्षी जानेवारीत वारल्या होत्या. त्या भत्त्याला रेशनकार्डाचा रंग नव्हता.

असे आपल्याकडे जमणार नाही, म्हणायची सोय आता उरलेली नाही. जुलै २०२४ पासून 'लाडकी बहीण'चे दीड हजार रुपये बायकांच्या खात्यात दरमहा जाऊ लागले. निवडणूक समोर होती म्हणून का होईना, महिन्याच्या महिन्याला बाईच्या नावे पैसे पोचवता येतात हे सरकारने स्वतःच दाखवून दिले. घोषणा झाली तेव्हा वर्षाचा खर्च ४६ हजार कोटी सांगितला होता. पण घरात तान्हे मूल आहे की नाही, याचा त्या रकमेशी संबंध नाही.

मग ही बेरीज करून पाहू. २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतची मुले १ कोटी ३३ लाख होती. प्रत्येकामागे आईच्या खात्यात महिन्याला हजार रुपये घातले तर वर्षाला सुमारे १६ हजार कोटी लागतात. मुलगा-मुलगी नाही, कितवे अपत्य हा प्रश्न नाही. रक्कम मोठी आहे, पण ४६ हजार कोटींची तयारी दाखवलेल्या राज्याला ती ऐकून घेरी यायचे कारण नाही. 'बाप दारूत घालवील' हा आक्षेप येईलच. आईच्या खात्यातल्या दीड हजारांबाबत तो कुणी घेतला नव्हता.

मुलांसाठी दरमहा पैसे देणारी एक योजना आपल्याकडे आहे आणि तिचा गाजावाजा सर्वांत कमी. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई किंवा बाप, वा दोघेही गमावलेल्या मुलाला अठरा वर्षांचे होईपर्यंत महिन्याला २ हजार २५० रुपये. काही वर्षांपूर्वीपर्यंत हीच रक्कम ४२५ होती. कोरोनात विधवा झालेल्या बायकांचे अर्ज भरून घेण्यासाठी सामाजिक कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव काम केले, तेव्हा कुठे तिचे नाव लोकांच्या कानावर पडले. पैसे रखडतात, कित्येक महिन्यांचे एकदम येतात, ही तक्रार आजही आहे. ती आमदारांनी नागपूरच्या अधिवेशनात मांडावी. मतदारसंघात शिलाई मशिन वाटण्यापेक्षा ते काम मोठे आहे.

कथा, कविता आणि बाकीचा फराळ पुढच्या पानांवर आहे. दिवाळीच्या शुभेच्छा. आपल्या गल्लीत, कामाला येणाऱ्या मावशींच्या घरी, ऑफिसच्या शिपायाच्या नात्यात बाप किंवा आई नसलेले मूल असेल, तर मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधार, शाळेचे बोनाफाईड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात त्यांच्याबरोबर एक चक्कर मारा. अर्जाला फी नाही. एजंटला पैसे देऊ नका.