नाव दुसऱ्याने ठेवलेले, भाषा स्वतःची



अमेरिकेच्या नैर्ऋत्येस अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको व युटा या राज्यांत नावाहो म्हणून ओळखले जाणारे लोक राहतात. हे नाव त्यांचे नव्हे. शेजारच्या तेवा भाषेतील, शेतजमिनीशी संबंधित अशा एका शब्दावरून सतराव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते उचलले व पुढे तेच दप्तरी कायम झाले. ते लोक स्वतःस 'दिने' म्हणवितात. दिने म्हणजे माणसे. दुसऱ्याने ठेवलेले नाव वाहणे म्हणजे काय, हे या पाक्षिकाच्या वाचकांस सांगावयास नको. तथापि राष्ट्राचे अधिकृत नाव 'दिने' करावे हा ठराव त्यांच्याच प्रतिनिधिमंडळाने 1994 व 2017 साली फेटाळला.

1864 साली अमेरिकन सैन्याने या लोकांची पिके व फळबागा नष्ट करून त्यांना शेकडो मैल पायी चालवीत नेले व बोस्के रेदोंदो येथे डांबले. 1868 च्या तहाने ते मायभूमीस परतले. त्याच तहात सहा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींना शाळेत धाडण्याची सक्ती होती. विद्येचे कलम म्हणून ते वाचताना प्रथम मलाही समाधान वाटले होते! परंतु पुढे सरकारी वसतिशाळांत स्वभाषेचा शब्द तोंडातून निघताच मुलांना शिक्षा होऊ लागली. आणि 1942 साली त्याच भाषेवाचून सरकारचे अडले. एकोणतीस दिने तरुणांनी तिच्या आधारे सैन्यासाठी सांकेतिक भाषा रचली. जपान्यांस ती अखेरपर्यंत उलगडली नाही. युद्ध संपले, तरी अ‍ॅरिझोनात मूळ रहिवाशांना मताधिकार मिळण्यास 1948 साल उजाडावे लागले. ते सरकारच्या 'पालकत्वाखाली' आहेत, असा 1928 चा न्यायालयीन निर्णय आड येत होता. सज्ञान मनुष्यास अज्ञान ठरविण्याची ही युक्ती कायद्याला नवी नाही.

आता एक विलक्षण खटला पाहा. नावाहो राष्ट्राच्या अध्यक्षास भाषा अस्खलित आली पाहिजे, असा त्यांचाच कायदा होता. 2014 साली प्राथमिक फेरीत दुसरे आलेले ख्रिस डेशीन यांनी भाषेची परीक्षा देण्यास नकार दिला; ते अपात्र ठरले व निवडणूक लांबली. जी भाषा सरकारने मारून विसरावयास लावली, ती येत नाही म्हणून नातवंडांना पदापासून दूर ठेवावे काय? उलट, जो वृद्धांचे गाऱ्हाणे दुभाष्यावाचून ऐकू शकत नाही, त्याने त्यांच्यावर राज्य करावे काय? दोन्ही बाजूंनी वकीलपत्र घेता येईल असा हा वाद आहे. माझे मन कायद्याच्या बाजूस झुकते, पण शाळेतील त्या छड्या आठवल्या की तितकेच अडखळते.

2015 च्या जुलैत लोकांनी मतदानाने नियम बदलला. उमेदवारास भाषा पुरेशी येते की नाही, हे आता मतदारच ठरवितात.