लागली तरच

आईच्या औषधांच्या डब्यात वेदनाशामक गोळ्यांची पट्टी जशीच्या तशी होती. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन ती घरी आल्याला चार दिवस झाले होते. रात्र रात्र तळमळायची, आणि पट्टीतली एकही गोळी काढलेली नव्हती. विचारलं तर म्हणाली, "अरे, तिच्यापुढे एसओएस लिहिलंय ना! अगदी जिवावर बेतलं तरच घ्यायची ती." बुडणारं जहाज एसओएस पाठवतं, हे तिने सिनेमात पाहिलेलं.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या या तीन अक्षरांचा जहाजाशी काडीचाही संबंध नाही. 'सी ओपस सीत' या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरं. अर्थ, गरज असेल तर. जहाजाचा एसओएस तर मुळात लघुरूपच नव्हे. तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं हा मोर्समधला ठोका चटकन ओळखू येतो, म्हणून १९०६ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तो ठरला. 'आमचे जीव वाचवा' हा अर्थ लोकांनी मागाहून जोडला.

युरोपात शतकानुशतकं वैद्यकाची भाषा लॅटिन होती. इंग्रजी वैद्यकाबरोबर तिचे तुकडे आपल्याकडे आले. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना. ओडी गोळीपुढे असेल तर रोज एकदा, आणि डोळ्यांच्या थेंबांपुढे असेल तर उजवा डोळा!

बीडी, टीडीएस केमिस्ट पाकिटावर रेघा मारून समजावतो, निभावून जातं. एसओएसचं तसं नाही. गोळी कधी घ्यायची हे इथे रुग्णानेच ठरवायचं असतं, आणि नेमकी तीच सूचना त्याला न कळणाऱ्या भाषेत. कशासाठी घ्यायची, दोन गोळ्यांत किती तास जाऊ द्यायचे, दिवसभरात जास्तीत जास्त किती, यातलं काहीच त्या तीन अक्षरांत नाही. कुणी आईसारखं सोसत बसतं, कुणी तासातासाला गोळी घेतं. हे माझ्या मनाला फार लागतं.

पूर्वी कंपाउंडर मिक्स्चरच्या बाटलीला कातरलेली कागदी पट्टी चिकटवायचा. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही ते कळायचं.

मी डॉक्टरांना फोन लावून आईच्या हातात दिला. त्यांनी सांगितलं ते तिने कॅलेंडरच्या कपट्यावर उतरवून घेतलं आणि कपटा रबरबँडने गोळ्यांच्या पट्टीला बांधला: 'दुखलं तर १. मग ६ तास नाही. दिवसात ३, जास्त नाही.' त्या रात्री ती पहाटेपर्यंत झोपली.