वाट तुडविल्याने पडते

बायबलमधील ‘देरेख’ या हिब्रू शब्दाचा अर्थ वाट. त्याचा धातू ‘तुडविणे’ असा. म्हणजे पावलांनी पडते ती वाट. याच शब्दाचा दुसरा अर्थ वागणूक. मराठीतही ‘चाल’ पायांची, तशी माणसाच्या वर्तनाचीही असते.

पंडिता रमाबाई हिब्रू शिकल्या आणि साध्या स्त्रियांना कळेल अशा मराठीत त्यांनी बायबल आणले. १९२२ मध्ये त्या वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. शिकल्या त्या मागून येणाऱ्यांसाठी.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात धानाच्या धुऱ्यावरची पायवाट पावसाळ्यात गवताखाली जाते. ती पुन्हा तुडवावी लागते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. पण एकटीच्या पावलांनी वाट पडत नाही. पदवी घेऊन पुढे निघून जाणे म्हणजे शिक्षण नव्हे. धाकट्यांना सोबत घेऊन तीच वाट पुन्हा चालणे, हे शिकलेल्याचे वर्तन होय.